मकासरे सरांचा सालींचा चहा

गिदोन मकासरे सरांच्या पोटाने दिवाळीनंतर जो असहकार पुकारला, तो नाताळ तोंडावर आला तरी मागे घेण्याचं चिन्ह दिसेना. सरांचं म्हणणं एवढंच होतं, की पोट माझं, बिघडलंय तेही माझं, आणि दुरुस्त करीन तेही मीच. बाकीच्यांनी यात पडायचं कारण नाही. पण नगरच्या सावेडी भागातल्या त्या तीन मजली इमारतीत वरच्याने लसूण ठेचला तर खालच्याला कळायचं. तिथे पोटासारखी गोष्ट खाजगी राहणं अवघडच होतं.

त्यातून बायको रेबेका निवृत्त नर्स. चौतीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात वॉर्ड सांभाळलेल्या बाईला शरीराच्या कुठल्याच व्यवहाराची लाज उरत नाही. सर सकाळी सहाला पेपर घेऊन आत जात आणि सातला बाहेर येत. तोवर अग्रलेख, छोट्या जाहिराती, पाणीयोजनेच्या निविदा, सगळं वाचून झालेलं असे. फक्त ज्या कामासाठी आत गेले ते झालेलं नसे. दार उघडल्याबरोबर स्वयंपाकघरातून प्रश्न येई, "झालं का हो?" वॉर्डाच्या या टोकाकडून त्या टोकाला पोचणारा आवाज तो. दुसऱ्या मजल्यावरून जिना उतरून पार्किंगमध्ये जाई, आणि तिथे स्कूटर पुसत असलेले भाऊसाहेब ढाकणे वर बघून सरांच्या वतीने हळहळत.

असे सहा आठवडे गेल्यावर रेबेकाने एक दिवस सरळ डॉक्टरांची वेळ घेतली. नाताळाच्या आधीचा मंगळवार. आतड्याची दुर्बिणीतून तपासणी. आणि डॉक्टर कोण, तर यशोधरा.

आता यशोधरा म्हणजे सरांच्या वर्गातली. सातवी ब, पहिला बाक, दोन वेण्या, विज्ञानात नेहमी पहिली. सरांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि पचनसंस्थेचा धडा ही त्यांची खासियत होती. रंगीत खडूंनी फळाभर आतडं काढायचे, शेजारच्या वर्गातली मुलं मधल्या सुट्टीत बघायला यायची. ज्या मुलीला आपण मोठं आतडं खडूने काढून दाखवलं, तिनेच आता आपलं अस्सल मोठं आतडं बघायचं, आणि तेही त्या बाजूने! सरांना नुसत्या विचाराने घाम फुटला.

"मी जाणार नाही," सर म्हणाले.

"जाल," रेबेका म्हणाली.

"मला वीस दिवस दे. वीस दिवसांत पोट जाग्यावर आणून दाखवतो. नाही आणलं तर मंगळवारी तू म्हणशील तिथे येतो आणि सांगशील तसा आडवा पडतो."

"शब्द?"

"शब्द."

रेबेकाने कॅलेंडरवर त्या मंगळवारभोवती लाल पेनने गोल केला. सरांनी त्या गोलाकडे बघायचं नाही असं ठरवलं, आणि पाण्याचा ग्लास घ्यायला गेले की नेमकं तिकडेच बघायचे.

उपाय त्यांना मोबाईलवर सापडला. पांढरा कोट घातलेला एक गृहस्थ सांगत होता, की माणूस फळाचा गर खातो आणि खरं औषध फेकून देतो; साली वाळवा, कुटा, उकळा, चहासारख्या प्या, पचन पंधरा दिवसांत ताळ्यावर येईल. सर असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारे नव्हते. त्यांनी एक कोरी वही काढली आणि वर्गात घालून द्यायचे तशी पद्धतशीर मांडणी केली. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. म्हणजे हा घरगुती खुळेपणा राहिला नाही, प्रयोग झाला.

पहिली खेप अगदी साधी होती. घरची संत्र्याची, मोसंबीची आणि सफरचंदाची साल, गॅलरीत चार दिवस ऊन दाखवून मिक्सरमधून काढलेली. चहा कडू होता, तुरट होता आणि प्यायल्यावर काही वेळ माणसाला कुणाशी बोलावंसं वाटत नसे. पण चौथ्या दिवशी सकाळी सर सहा वाजून दहा मिनिटांनी बाहेर आले, अग्रलेखसुद्धा अर्धा सोडून. रेबेकाचं मत असं, की आदल्या रात्री भाऊसाहेबांकडे बाजरीच्या दोन भाकरी, ताटभर पालेभाजी आणि वर बियांसकट तीन पेरू खाल्ले होते, त्याचा हा परिणाम. सरांनी तिचं मत ऐकून घेतलं आणि वहीत लिहिलं, अनुमान: चहा गुणकारी.

इथवर सगळं ठीक होतं. घोटाळा झाला तो त्याच संध्याकाळी.

त्या संध्याकाळी बेंजामिन पाळकांच्या घरी प्रार्थनासभा होती. चर्चच्या मंडळीतली पंचवीस-तीस माणसं सतरंजीवर बसलेली. गायन झालं, बायबलमधलं वचन वाचून झालं, आणि नेहमीप्रमाणे साक्षीची, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते उठून सांगायची, वेळ आली. कुणाच्या मुलाला नोकरी लागली होती, कुणाचा मुतखडा आपोआप पडला होता, नॅन्सीबाईंच्या सुनेचं सिझर टळलं होतं. एकेक जण उठून सांगत होता आणि बाकीचे आमेन म्हणत होते. मकासरे सरांनी आयुष्यात कधी साक्ष दिली नव्हती. मुतखडा पडणं हा गुरुत्वाकर्षणाचा भाग आहे असं ते घरी येऊन म्हणायचे. पण त्या दिवशी पोट हलकं होतं, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. आणि हलक्या पोटाचा माणूस काय करील याचा नेम नसतो. सर उठले.

"सलाम. सहा आठवडे माझी एक वाट बंद होती," ते मंडळीच्या रीतीने सुरुवात करून म्हणाले. कुठली, ते सांगायला लागलं नाही; रेबेकाचं "झालं का हो?" मंडळीतल्या बहुतेकांच्या कानावर गेलेलं होतं. "आज ती वाट परमेश्वराने फळांच्या सालींच्या द्वारे मोकळी केली."

"आमेन!" अख्खी खोली म्हणाली, आणि त्यात नऊ आवाज असे होते की त्यांची तळमळ लपत नव्हती. नगरमध्ये पोटाने गांजलेली माणसं किती आहेत हे सरांना तेव्हा कळलं. सभा संपल्यावर त्यांना चहाबिस्किटापर्यंतसुद्धा पोचू दिलं नाही. किती चमचे? उपाशीपोटी की जेवून? मधुमेह असला तर चालेल का? सर एकेकाला सांगत होते, आणि सांगता सांगता त्यांच्या आवाजात तीस वर्षांचा वर्ग परत आला होता. ज्या गोष्टीची चार दिवस निवांत परीक्षा घ्यायची, तिची त्यांनी देवाच्या आणि माणसांच्या साक्षीने घोषणा करून टाकली होती. आता मागे फिरायची सोय राहिली नाही.

दुसऱ्या दिवसापासून साली यायला लागल्या. मंडळीतून पिशव्या, शेजाऱ्यांकडून डबे. त्याबरोबर सल्ले. नॅन्सीबाई म्हणाल्या ओवा घाला. कुणी म्हणालं आलं घाला, कुणी म्हणालं आलं अजिबात नको, उष्ण पडतं. ऊन लावायचं ते दहाच्या आतलं. ऊन लावायचंच नाही, सावलीत वाळवायचं. सरांनी पार्किंगमध्ये एक बादली ठेवली, वर पाटी लावली, 'फक्त फळांच्या साली', आणि संध्याकाळी तीत संत्र्याची साल, कांद्याची टरफलं, सहा अंड्यांची कवचं आणि एक तुटकी चप्पल निघाली. सरांनी पाटीवर 'फक्त' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या. कुटलेल्या सालींच्या पुड्या मात्र ते मंडळीत आणि इमारतीत घरोघर वाटायला लागले.

भाऊसाहेबांना मात्र असं किरकोळ काही सुचत नाही. ते साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. टनाच्या खाली विचार करायची त्यांना सवय नाही. त्यांचा चुलतभाऊ कानिफनाथ पाथर्डीला रसाचं दुकान चालवतो. तिसऱ्या दिवशी दारात टेम्पो उभा राहिला आणि त्यातून दोन पोती डाळिंबाच्या साली उतरल्या.

"सर, निस्ती संत्री काय घिऊन बसला? हे बघा, लालभडक माल हाय. दवाखान्याचं तोंड बघाया लागायचं न्हाई तुमाला," भाऊसाहेब म्हणाले.

रेबेका दारात उभी राहून पोत्यांकडे बघत होती. तोवर रोज सकाळी या सगळ्या प्रकरणाबद्दल ती निदान पाच वाक्यं बोलायची. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. उलट म्हणाली, "उद्यापासून चहा मी करून देत जाईन. तुमचं पाणी नीट उकळत नाही." सरांना फार बरं वाटलं. चाळीस वर्षांच्या संसारात एकदा तरी आपलं म्हणणं हिला पटलं, असं त्यांनी वहीत लिहिलं नाही, पण मनात नोंदवलं.

दोन पोती गॅलरीत मावेनात, म्हणून सरांनी साली गच्चीवर जुन्या धोतरांवर पसरल्या. संध्याकाळी नोटीस आली. सोसायटीचे सेक्रेटरी श्रीमंत कोतकर हे सरकारी कचेरीत जन्मभर टिपणं लिहिलेले गृहस्थ, आणि निवृत्त झाल्यापासून लिहायला विषय मिळत नसल्यामुळे उपाशी. नोटिशीत होतं, 'सभासद क्र. सात यांनी सामाईक गच्चीवर ओला कचरा पसरवला असून तो चोवीस तासांत हटवण्यात यावा.' सरांनी त्याच रात्री उत्तर दिलं. एक, साल वाळल्यावर ओली राहत नाही, सबब तो ओला कचरा नव्हे. दोन, ती मी स्वतः पिणार आहे, सबब तो कचराच नव्हे. तीन, गच्ची सामाईक आहे हे मला मान्य असून ऊनही सामाईक आहे. श्रीमंतरावांचं उलट पत्र सकाळी दुधाच्या पिशवीखाली सापडलं. 'उपरोक्त माल कचरा नसून खाद्यपदार्थ असल्यास, व तो इतरांस वाटण्यात येत असल्यास, परवान्याची प्रत सादर करावी.'

दुसरा कुणी असता तर पोती उचलून गप्प बसला असता. सर उलटे तापले. इस्त्रीचा शर्ट घालून, प्रयोगवही काखोटीला मारून, ते खाद्यपदार्थांचे परवाने देणाऱ्या कचेरीत गेले. रांगेत पाऊण तास उभे राहिल्यावर खिडकीतल्या मुलीने विचारलं, "काय बनवता काका?"

"चहा."

"पत्ती कुठली?"

"पत्ती नाही. फळांच्या साली."

"मग चहा कसा होईल? विकता?"

"वाटतो."

"कशासाठी पितात?"

सरांनी मागे पाहिलं. रांगेत अकरा जण होते. ते खिडकीकडे वाकून हळूच म्हणाले, "पचनासाठी."

"मोठ्याने बोला काका, पंख्यामुळे ऐकू येत नाही."

"पोट साफ होण्यासाठी!" सर ओरडले. रांग एकदम शांत झाली.

"मग ते औषध झालं. औषधांचं वर." वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी विचारलं, फळाचं आहे का? फळाचं असेल तर खाद्य; खाली जा. खाली आल्यावर मुलीने विचारलं, गर की साल? साल असेल तर तो कचरा, आणि कचऱ्याशी आमचा संबंध नाही. एका दुपारी सरांचा चहा खाद्य झाला, औषध झाला आणि शेवटी कचरा ठरला. एवढ्या विषयांत नापास व्हायची सरांची ही पहिलीच वेळ होती.

ते निघाले तेव्हा रांगेतला एक माणूस मागे आला. "काका, जरा थांबता का? गुण येतो का हो त्यानं? माझंही लई दिवसांचं हाय."

डाळिंबाच्या चहाचा तो सरांचा सहावा दिवस होता. डाळिंबाची पोती आल्यापासून एकदाही काही झालं नव्हतं. आधी निदान दोन-तीन दिवसांनी काहीतरी व्हायचं. आता पोट सिमेंट ओतल्यासारखं गच्च होतं. आणि तरी सर छाती काढून म्हणाले, "शंभर टक्के." घरी येताना रिक्षात त्यांना स्वतःची फार लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून घरी आल्या आल्या त्यांनी रेबेकाला सांगितलं, "उद्यापासून दोन वेळा."

"करते की," रेबेका म्हणाली.

इथे एक गोष्ट सांगून टाकलेली बरी, कारण सर ती कधीच सांगणार नाहीत. सर घाबरले होते. यशोधरा, तिची दुर्बीण, मंडळीतली साक्ष, हे सगळं होतंच; पण रात्री जाग यायची ती त्यामुळे नाही. सरांचा थोरला भाऊ नोहा राहुरीला असायचा. दोन वर्षं तो पोट धरून म्हणत राहिला, गॅस आहे, गॅस आहे. शेवटी दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी पोट उघडून नुसतंच बघितलं आणि परत शिवलं. तो गेला त्याला तीन वर्षं झाली. त्याचं काय झालं हे या घरात कुणी उच्चारत नव्हतं. तपासणी केली नाही म्हणजे काही निघणार नाही, असा सरांचा सरळ हिशेब होता, आणि तीस वर्षं विज्ञान शिकवलेल्या माणसाला तो हिशेब किती चूक आहे हे पुरतं माहीत होतं.

शनिवारी सकाळी दार वाजलं. बाहेर श्रीमंत कोतकर, हात जोडून. चेहरा उतरलेला.

"सर, माफी मागायला आलोय. परवा पाथर्डीला लग्नाला गेलो होतो. मठ्ठा बाधला. रात्रभर धावपळ, अंगात त्राण उरलं नाही. पहाटे हिने मला न सांगता तुमच्या पुडीतला चहा करून पाजला. दोन तासांत सगळं जागच्या जागी थांबलं बघा! तुमची गच्ची तुमची. मी नोटीस मागे घेतो." आणि त्यांनी खरोखरच खिशातून नोटीस मागे घेतल्याची नोटीस काढून दिली.

सर खूश झाले. शत्रूच्या घरी विजय मिळाला होता. थांबलं या शब्दावर विज्ञानशिक्षकाने खरं तर थांबायला हवं होतं. पण विजयाच्या वेळी शब्द कोण बघतो? पाणी घेऊन आलेली रेबेका मात्र घाईने आत निघून गेली आणि बराच वेळ आतून खोकल्यासारखा आवाज येत होता.

रविवारी दुपारी भाऊसाहेबांची आई तिसगावहून जीपने आली. रतनबाई, ऐंशीच्या घरातल्या. फ्लॅटमध्ये त्यांना गुदमरतं म्हणून त्या उन्हाला गच्चीवर आल्या. तिथे सर साली उलथत होते. रतनबाईंनी पदर सावरत धोतरांवरचा लाल पसारा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिला.

"आगं बया! कुनाला येवढं जुलाब लागल्यात? समद्या बिल्डिंगीला का काय?"

"जुलाब? नाही नाही आजी," सर हसून म्हणाले. "उलट आहे. पोट साफ व्हायला."

"साफ व्हायला?" रतनबाईंनी डोळे बारीक केले. "अवो मास्तर, डाळिंबाचं साल तर हगवन बंद कराया देत्यात. लेकरू लई हगाया लागलं की उगाळून चाटवायचं. आमी तर वासरालाबी देतो. किती पिताय?"

"दोन... दोन वेळा."

"किती दिस?"

"आठ."

रतनबाईंनी सरांच्या पोटाकडे पाहिलं. मग त्यांनी एकदम कपाळाला हात लावला. "मरान न्हाई आलं ह्येच नशीब! कुनी सांगितलं तुमाला?"

"तुमच्या भाऊसाहेबांनीच पोती आणली."

"त्येला काय कळतंय? त्याचा समदा जलम काट्यावर गेला. आन् तुमी मास्तर ना वो? शिकवीत काय हुता पोरास्नी?"

हा प्रश्न सरांना जिथे लागायचा तिथे लागला. ते गच्चीच्या कठड्याला टेकले. मग ताठ झाले. खाली आले, वही उघडली आणि लिहिलं, 'अनुमान: चहा अत्यंत गुणकारी असून प्रयोगासाठी निवडलेला रुग्ण चुकीचा होता.' त्यानंतर त्यांनी फोन घेतला आणि मंडळीतल्या त्या नऊ जणांना एकापाठोपाठ एक फोन केले. "सलाम, मकासरे बोलतोय. चहा बंद करा. नाही, वाईट नाही, फार चांगला आहे. म्हणूनच बंद करा." बेंजामिन पाळकांना मात्र त्यांनी सरळ सांगितलं, "पाळकसाहेब, माझी साक्ष घाईची होती. पुढच्या सभेत उभा राहून सांगेन." पाळक म्हणाले, "सर, काल रात्रीपासून मीही तोच पितोय हो."

"आता?" रेबेकाने विचारलं.

"आता काय? साल बंद केली की आपोआप सुरू होईल. आणखी चार दिवस दे."

"वीस दिवस मागितले होतेत. दिले." तिने कॅलेंडरकडे नुसतं बघितलं. "शब्द कुणी दिला होता?"

सरांच्या पोटात त्या वेळी अशी कळ आली, की त्यांना भिंत धरावी लागली. शब्द मोडायची त्यांची तयारी झाली होती. उभं राहायची नव्हती.

मंगळवारी ते गेले. जाताना मात्र मान खाली घालून गेले नाहीत. केबिनमध्ये शिरल्याबरोबर यशोधरा खुर्चीतून उठून उभी राहिली. "नमस्कार सर." दोन वेण्या गेल्या होत्या, चष्मा आला होता.

"बस," सर म्हणाले, आणि ती बसली. "हे बघ यशोधरा, मी आलोय तो शब्दाखातर. माझ्या अटी आहेत. खोलीत तू आणि तुझी नर्स, तिसरं कुणी नको. मला नुसतं पेशंट म्हणून हाक मारायची नाही, नाव घ्यायचं. आणि माझ्याशी जे काय बोलायचं ते तोंडासमोर येऊन बोलायचं. पाठीमागून मी उत्तर देणार नाही."

"हो सर," यशोधरा गंभीरपणे म्हणाली. मग कागद पुढे ओढला. "घरात आधी कुणाला आतड्याचं काही?"

रेबेकाने यावेळी सरांच्या वतीने उत्तर दिलं नाही. सर टेबलाच्या कडेकडे बघत राहिले.

"भावाला. नोहाला," ते म्हणाले. "दोन वर्षं गॅस म्हणत होता. मीही त्याला हो म्हणत होतो. विज्ञानाचा मास्तर मी, मीच त्याला सोडा-लिंबू सांगत होतो." मग त्यांनी रुमाल काढून चष्मा पुसला, जणू अडचण चष्म्याचीच होती. "मला भीती वाटते, यशोधरा. लिही तुझ्या कागदावर. भीती वाटते, आणि तरी आलोय."

यशोधराने ते लिहिलं नाही. पेन खाली ठेवून ती म्हणाली, "आलात ते फार बरं केलंत, सर."

त्यानंतर दिवसभर त्यांना पोट धुवून काढणारी पूड घातलेलं दोन लिटर पाणी प्यायला लावलं आणि इतक्या आठवड्यांत न झालेलं सगळं एका संध्याकाळी झालं. त्या संध्याकाळविषयी सरांनी वहीत काही लिहिलं नाही, आणि आपणही लिहू नये.

दुसऱ्या दिवशी सर भुलीतून जागे झाले तेव्हा पलंगाशी रेबेका बसली होती आणि यशोधरा समोर उभी होती, ठरल्याप्रमाणे तोंडासमोर.

"सर, आत एक पॉलिप होता, मांसाचा छोटा कोंब. वाटाण्याएवढा. काढून टाकलाय. तपासायला पाठवलाय, पण दिसायला साधा आहे, काळजीचं काही दिसत नाही." ती जरा थांबली. "आणखी पाच-सहा वर्षं तसाच राहिला असता, तर साधा राहिला नसता."

यशोधरा गेली. सर छताकडे बघत पडून राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू जुना रंग चढायला लागला.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "सालीचा चहा लागू पडला असता, तर मी इथे आलो नसतो. आलो नसतो तर ते आत वाढत राहिलं असतं. म्हणजे मला वाचवलं कुणी? चहाने! आता हसा म्हणावं सगळ्यांना." आणि मग एकदम त्यांचा सूर खाली आला. "नोहालाही कुणीतरी पाजायला हवा होता गं तो."

रेबेकाने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"डाळिंबाच्या सालीने काय होतं हे मला ठाऊक होतं," ती म्हणाली. "नर्स आहे मी. दारात पोती उतरली तेव्हाच कळलं होतं."

सरांनी मान वळवली. "मग बोलली का नाहीस?"

"नोहा भावजींच्या वेळी बोलले होते. एकदा बोलले, तुम्ही दोघं भाऊ मला हसलात, आणि मी गप्प बसले. तेव्हाच ओढत न्यायला हवं होतं त्यांना. तीन वर्षं ते मनातून जात नाही माझ्या." तिच्या डोळ्यांतून पाणी घळघळा वाहत होतं आणि ते पुसायचीसुद्धा तिला शुद्ध नव्हती. "तुम्ही बोलून ऐकणाऱ्यातले नाही. म्हणून चहा मी हातात घेतला. रोज एक चमचा जास्त टाकत होते. म्हटलं, होऊ दे पुरतं बंद. पण या खेपेला मंगळवार चुकता कामा नये."

सुई टोचलेला हात सरांनी कसाबसा पुढे केला आणि तिचा हात घट्ट धरला. त्यांना बरंच काही म्हणायचं होतं. दोनदा खाकरून झाल्यावर ते म्हणाले,

"म्हणजे चहा गुणकारी आहे, हे तू मान्य करतेस तर."